साळूबाईचा उंबरा

१२ फेब्रुवारी, सोमवार

रुमाना पोरी, आधी सगळ्यांची खुशाली. तुझ्या दादीच्या डाव्या डोळ्यातून अजून पाणी येतंय का? थेंब वेळेवर घालतेस ना? तुझ्या अब्बाची, अश्फाकची कंबर कशी आहे? टेंपोतून उतरला की वाकून चालतो, त्याला म्हणावं, पट्टा बांध, लाजू नकोस. तुझ्या अम्मीची, मुबश्शिराची सर्दी उतरली का? शेजारच्या यासीनचाचाची साखर काय म्हणते, आणि भिंतीआड उभं राहून जिलेबी खाणं अजून चालूच आहे का? मांजरीचंसुद्धा कळव. आणि तू. अभ्यासापायी डोळे फोडून घेऊ नकोस, घरात डोळ्यांचं एक दुखणं पुरे.

मी मजेत पोचलो. कराडहून निघालो तेव्हा उसाची हिरवळ होती. जत मागं पडलं तशी ती पुसत पुसत गेली आणि नुसती पांढरी माती, बाभळी आणि मेंढरं राहिली. वडापवाल्यानं, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या जीपवाल्यानं, फाट्यावर उतरवलं. ज्याच्या वस्तीवर काम आहे तो कोंडीबा घ्यायला आला होता. माझी हत्यारांची पेटी त्यानं डोक्यावर घेतली आणि म्हणाला, मिस्त्री, यात लोखंड हाय का तुमच्या म्हातारपणाचं वजन? माणूस आवडला.

मोबाईलला रेंज नाही. पाण्याच्या टाकीच्या टेकाडावर चढलं की मिळते, पण माझे गुडघे टेकाड बघूनच सलाम करतात. म्हणून तू दिलेल्या या वहीत रोज लिहीन. कोंडीबाची सून सोनिया पानांचे फोटो काढून टेकाडावरून तुला धाडील.

काम असं आहे. इथल्या धनगरवस्तीवरच्या बायका घोंगड्या विणतात. आजवर घरोघरी अंगणात विणायच्या, आता सगळ्यांचे माग एका छपराखाली आणायचे. कोंडीबाची बायको रंगुबाई त्यांची म्होरकी. गवंड्यानं भिंती उचलून दिल्यात. दार, खिडक्या आणि छप्पर माझं. नवं काही आणायचं नाही, गावानं दिलेल्या जुन्या सामानातूनच उभं करायचं. असल्या कामाला मला बोलावलं यातच मी खूश. मला कुणी हाताला धरून शिकवलं नाही. मोडलेलं खोलून बघत बघत शिकलो.

दादीला सांग, सत्तावीसला ऑपरेशन, सव्वीसला मी घरात. पट्टी सोडतील तेव्हा पहिलं माझं तोंड दिसेल असं तिला सांगून आलोय. ती म्हणाली, मग डोळे बांधलेलेच बरे. असली खातूनबी!

१४ फेब्रुवारी, बुधवार

सामान येऊन पडतंय. शाळेची जुनी खोली पाडली तिच्या गजाच्या खिडक्या आल्या. एका गजावर कुण्या पोरानं खिळ्यानं 'सूरज' असं कोरलंय. सूरज म्हणजे सोनियाचा नवरा, आता पुण्यात असतो. ती खिडकी जिथं तिचा माग बसणार तिथं लावून दिली. पोरगी लाजून पळाली. बंद पडलेल्या कोंबड्यांच्या शेडचे पत्रे आलेत. त्यांना अजून वास आहे, बायका म्हणतात, घोंगडी विणू का अंडी घालू?

मोडक्या बैलगाडीचा दांडा तासून खुंट्या केल्या. जुन्या लाकडाला मी आधी हात लावून बसतो. कुठं खिळा होता, कुठं दोर बांधत होते, कुठल्या अंगानं ऊन खाल्लंय, सगळं बोटाला कळतं. लाकडाला जुनी सवय असते. ती ओळखून बसवलं तर ते कुरकुरत नाही. हे मी यासीनला सांगितलं की तो हसतो.

फक्त दार मिळेना. चौकटीवाचून घर म्हणजे दाताशिवाय तोंड.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

दार मिळालं! बाळासो म्हणून एक गृहस्थ वस्तीच्या शेवटाला राहतात. त्यांची चुलती साळूबाई पावसाळ्याआधी वारली. घर पडलं, चौकट तेवढी उभी होती. ती त्यांनी उंबऱ्यासकट दिली. काय चौकट आहे, पोरी! जुनं सागवान, सांध्यात एक खिळा नाही. उंबरा तर असा, की मध्यभागी वाटीसारखा झिजलेला. एक माणूस वर्षानुवर्षं त्याच जागी बसल्याशिवाय लाकूड असं झिजत नाही.

बाळासो गाडीबरोबर आले, पण चौकट उतरवायला हात लावला नाही. बांधावरूनच म्हणाले, न्या, न्या, तुमच्या कामाला यील. आणि वळून गेले. राम राम नाही, येतो नाही. मी मनात म्हटलं, दिलदार माणूस पण बोलायला कंजूष.

रंगुबाई चौकटीकडं बघत राहिली. मग म्हणाली, मिस्त्री, चौकट घ्या, उंबरा नगा घिऊ. उंबरा नवा करा. मी हसलो. म्हटलं, बाई, अशी झीज इकत मिळत नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

चौकट उभी केली. भिंत दारावर जरा कमजोर होती, म्हणून मधली तुळई थेट चौकटीवरच टेकवली. आता अर्धं छप्पर तिच्या जिवावर आहे. कोंडीबा म्हणाला, म्हातारीवर लय वझं टाकलं तुमी. मी म्हटलं, शंभर वर्षं हलायची नाही.

उंबऱ्याला हळदकुंकू लावायला बायकांना बोलावलं. कुणी पुढं येईना. आवं मिस्त्री, मेंढरं सोडायची हायत, आवं चूल पेटलीया, म्हणत एकेक सटकली. मग मीच हात पुसून एक फूल ठेवलं. अल्लाला काय, त्याला फुलाचं वावडं नसणार.

चहा त्या उंबऱ्याच्या खळग्यात बसून प्यायलो. अगदी मांडीच्या मापाचा आहे.

१९ फेब्रुवारी, सोमवार

शेजारच्या गावात शिवजयंतीचे ढोल वाजतायत, इथवर ऐकू येतात.

या माणसांची एक गंमत सांगतो. माणसं मायेची, पण निरोप घ्यायची रीत नाही. आमच्या या नव्या शेडमध्ये पहिला माग बसलाय, तिथं येतात, लोकर पिंजतात, चेष्टा करतात, आणि जायची वेळ झाली की नुसती उठून बाहेर. 'येतो' नाही, 'येते' नाही. आपण घरातून संडासाला निघालो तरी 'येतो' म्हणतो. सोनियाला विचारलं तर तिनं सासूकडं पाहिलं, आणि सासूनं मला भाकरी वाढली.

मी आपला सोडत नाही. काम संपलं की हत्यारं पुसायची, दारात उभं राहून कामाला सांगायचं, येतो. तरुणपणापासूनची सवय. काम जिवंत असतं, त्याला न सांगता कसं जायचं? चौकट बसल्यापासून तर आणखी प्रेमानं म्हणतो. कोंडीबानं आज ऐकलं. त्याच्या तोंडातली तंबाखू खाली पडली. म्हणाला, मिस्त्री, असं म्हनू नगा बरं का हितं.

२१ फेब्रुवारी, बुधवार

आज दुपारी जेवायला निघालो. आत कुणी नव्हतं. सवयीनं उंबऱ्यावर पाय ठेवून म्हटलं, येतो.

आतून आवाज आला, "बरं, या."

म्हातारीचा आवाज. लय आनंदाचा. नात सासरहून येणार असं कळल्यावर बाई बोलते तसा. मला वाटलं, रंगुबाई मागाच्या खड्ड्यात वाकलीय. जाऊन बघितलं. खड्डा रिकामा. खिडकीबाहेर बघितलं, ऊन आणि एक शेळी.

लाकूड तापलं की बोलतं. आपल्या कानांचंही वय झालंय. दादीला हे सांगू नकोस, ती मला कानाच्या डॉक्टरकडं नेईल.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

रुमाना, हे पान सोनियाला देत नाही. आल्यावर मीच वाचून दाखवीन, हसू आपण.

दुपारी जेवायला निघालो. अंगण ओलांडलं, लिंबाच्या सावलीतून गेलो, कोंडीबाच्या दारात वाकलो, कारण त्याचं दार बुटकं आहे. मान वर केली तर समोर माग. हातात रंधा. मी शेडमध्ये.

म्हटलं, विसरलो असेन. निघालोच नसेन. परत निघालो. परत वाकलो. परत माग.

तिसऱ्या खेपेला सोनिया दिसली आणि मी हाक मारून तिच्याबरोबर चालत राहिलो. घागर डोक्यावर, ती बोलत होती, मी हं हं करत होतो. तिच्या सासूच्या दारात ती आत गेली, मी मागून पाय टाकला —

भाकरी रंगुबाईनं शेडवर आणून दिली. खिडकीतून. दारातून का नाही, विचारलं नाही.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज जुम्मा. जतला नमाजाला जायचं ठरवलं होतं. मनात होतं, नमाज झाली की तिथूनच कराडची गाडी धरावी. काम थोडंच उरलंय, दादीचं ऑपरेशन महत्त्वाचं. कपडे बदलले, पेटी उचलली. फाट्यापर्यंत चालत गेलो. चाललो, पोरी, ऊन लागलं, पायाला धूळ लागली. वडाप आलं. ड्रायव्हर ओळखीचं हसला, म्हणाला, चाचा, पुढं बसा. मी फळीवर पाय ठेवला.

पायाखाली खळगा लागला.

तो खळगा. मांडीच्या मापाचा.

मी शेडमध्ये उभा. बूट धुळीनं पांढरे. बाहेर लांबवर वडापाचा भोंगा वाजला, एकदा, मग निघून गेला.

मी बसून राहिलो. मागून कुणीतरी म्हणालं, "दमला का? बसा."

२४ फेब्रुवारी, शनिवार

कोंडीबा आणि रंगुबाई आले. आत आले नाहीत. खिडकीबाहेर उभं राहून सगळं सांगितलं. आधी का नाही सांगितलं, म्हणून मी ओरडलो. कोंडीबा म्हणाला, तुमी कराडचं, तुमास्नी खुळं वाटलं असतं. आन मिस्त्री, ती मेली न्हवं, आमाला वाटलं सपलं.

साळूबाईचा एकुलता लेक मेंढरं घेऊन कोकणात उतरला. उंबऱ्यावर आईला म्हणाला, येतो. तो आला नाही. साळूबाई त्या जागी बसली ती बसलीच. पुढं जो कुणी तिच्या दारातून 'येतो' म्हणून बाहेर पडायचा त्याच्यासाठी ती भाकरी टाकून ठेवायची, आणि तो येईस्तवर जेवायची नाही. म्हातारी उपाशी मरेल म्हणून वस्तीनं तिच्या दारात तो शब्दच बंद केला. मुकाट उठायचं, मुकाट जायचं. दयेपोटी. मग तीच सवय सगळ्या वस्तीला लागली.

पण शेवटी शेवटी, रंगुबाई म्हणाली, जो चुकून 'येतो' म्हणायचा तो खरंच यायचा. गावाबाहेर गेला तरी. तिच्या घरातच यायचा.

एक कासार अडकला होता. बांगड्यांची पेटी घेऊन. वैतागून शेवटी तो उंबऱ्यावर उभा राहिला आणि 'जातो' म्हणाला. तेव्हा दारानं सोडला.

मी विचारलं, मग पोचला का घरी?

रंगुबाईनं पदर तोंडाला लावला. म्हणाली, त्याची बांगड्यांची पेटी अजून बाळासोच्या माळ्यावर हाय, न्यायला कुनी आलं न्हाई.

मी रोज म्हणत होतो, रुमाना. चौकट उभी केल्यापासून रोज. प्रेमानं. किती वेळा शब्द दिलाय तिला.

२५ फेब्रुवारी, रविवार

कोंडीबानं हात धरून ओढलं. तो बाहेर, मी आत, हात हातात. तो ढांगभर मागं सरला आणि आम्ही दोघंही आतच उभे. तो मुकाट निघून गेला. त्यानं शब्द दिलेला नाही, त्याला दार आहे.

मागच्या अंगाचा पत्रा सोडवला. त्यातून बाहेर पडलो. उंबऱ्यावरून आत आलो.

कोंडीबा कुऱ्हाड घेऊन आला, चौकट तोडतो म्हणाला. मीच नको म्हटलं. तुळई चौकटीवर आहे. चौकट गेली की छप्पर माझ्या डोक्यावर. माझीच हुशारी. खाली टेकू देईन म्हटलं तर टेकूचं लाकूड आत येईना. सगळं सामान त्या दारातून आत आलंय, आता नवं काही आत येत नाही. रंगुबाईची भाकरी तेवढी खिडकीतून येते, तीही आज गजाला अडली. गज जवळ आल्यासारखे वाटतात. मोजायची हिंमत नाही.

खुदा हाफिज म्हणूनही बघितलं. त्यात जाण्यायेण्याचा शब्दच नाही. दाराला कळलं नसावं.

अंगण आता लांब वाटतं. काल लिंबापर्यंत जाता येत होतं. आज पायरीला पाय लागला की आत.

दुपारी मागाशेजारी भाकरी दिसली. झाकलेली. गरम. रंगुबाईची नव्हे, रंगुबाईच्या भाकरीला कडेला बोटांचे ठसे असतात, याला नव्हते.

भूक लागली होती. खाल्ली नाही.

२६ फेब्रुवारी, सोमवार

आज मी घरात असायचा होतो.

सोनियानं तुला निरोप धाडलाय, काम लांबलं म्हणून. खरं सांगू नको म्हणालो. दादीच्या डोळ्यांवर ताण नको.

एक गोष्ट सुचली. मी कराडहून निघताना दादीलाही 'येतो' म्हटलं होतं. साळूबाईच्या आधी. तो शब्द जुना. मग तो का नाही ओढत मला? उंबऱ्यावर उभा राहून मोठ्यानं विचारलं.

ती म्हणाली — मायेनं म्हणाली — तुझी बायको उंबऱ्यावर बसलीया का? मी बसलीया.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

ऑपरेशन झालं असेल. या अल्ला.

भाकरी खाल्ली. चांगली होती. ते सांगताना लाज वाटते.

ती खळग्यात बसते. मला पाठ दिसते. घोंगडी पांघरलेली. मी तिला आई म्हटलं. म्हटलं, आई, माझी म्हातारी डोळे बांधून बसलीय, मला सोड. तिनं मान हलवली. समजल्यासारखी. मग सरकून उंबऱ्यावर माझ्यासाठी जागा केली.

'जातो' म्हणायचं ओठावर येतं. म्हणवत नाही. आपल्यात जिवंत माणूस जात नाही, पोरी. येतोच. गेला म्हणतात तो —

थांबतो.

२८ फेब्रुवारी, बुधवार

रंगुबाई आली. तुझा निरोप फोनवर दाखवायला. गजातून फोन आत येईना, म्हणून बाहेरून वाचला. मोठ्यानं वाचला. तिला वाचू द्यायला नको होतं — मला कळायला हवं होतं —

दादीची पट्टी उद्या सोडणार. तोवर दादा आला नाही तर दादीला टेंपोत घालून आम्ही सगळेच येतो. असं तू लिहिलंस. सगळेच. येतो.

माझ्या पाठीमागून ती म्हणाली, "या."

रंगुबाईनंही ऐकलं. तिच्या हातातला फोन पडला.

साळूबाई उठली आता — पहिल्यांदा उठली — पिठाचा डबा काढतेय. माणसं मोजतेय बोटावर. अश्फाक, मुबश्शिरा, रुमाना. खातूनबी. नावं कुणी सांगितली — मीच. या वहीत. मी मोठ्यानं लिहितो, मागची पानं वाचतानाही ओठ हलतात माझे —

येऊ नका. ऐक रुमाना. इथं मी राहिलो तर तुम्ही येणार. मी नसलो तर कशाला याल. हे मला आता कळलंय आणि भीती थोडी कमी झालीय. दादीला सांग, पहिलं तोंड अश्फाकचं बघ. तो माझ्यासारखाच दिसतो, बापाचं नाक आहे.

हे एकच पान फाडून उंबऱ्यावरून बाहेर सारतो. पान जाईल — त्यानं कुणाला शब्द दिलेला नाही. रंगुबाई बाहेर उभी आहे, ती टेकाडावर पळेल.

दिलेला शब्द मागं घे, पोरी. 'येत नाही' एवढंच लिही. साफ लिही. 'मग बघू' नको, 'लवकरच' नको. सगळ्यांच्या नावानं लिही. तुम्ही मोकळे झालात हे साळूबाईनं माझ्यासमोर ऐकलं पाहिजे, त्याआधी मला इथून हलता येत नाही.

पीठ मळून झालं तिचं —

उत्तर लवकर लिही. आत्ताच्या आत्ता लिही. रंगुबाईनं ते वाचलं की मी उंबऱ्यावर उभा राहीन, दादीचं नाव घेईन आणि म्हणून टाकीन, जा